बेताचं पाणी, बारमाही फुलं

गेल्या पंधरवड्यात अथणीकडच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं. अगदी चार ओळींचं. 'आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याची फार ओढ असते. घरातलं वापरून उरेल तेवढंच पाणी झाडांना. गुलाब लावला, गेला. शेवंती लावली, गेली. दारात एक तरी फुलझाड असावं असं वाटतं. काय लावू?'

पत्र वाचून उत्तर लिहायला बसले आणि पहिला शब्द लिहिला तो 'सदाफुली'. दुसरं काही मनात आलंच नाही. पण नुसतं नाव लिहून पत्र टाकून देणं बरं वाटेना. कारण हीच सदाफुली मी माझ्या हातांनी तीन वेळा मारलेली आहे. तीही पाण्यावाचून नव्हे, तर पाण्यानेच! म्हणून म्हटलं, आज सगळ्यांशीच याविषयी बोलावं.

लग्न होऊन मी बेळगावची बडोद्याला आले. आमचं घर समा भागात. सासऱ्यांनी १९८६ साली इथे टेनामेंट घेतलं, तेव्हा समा म्हणजे अगदी गावाबाहेर वाटायचं म्हणे. आता घरापासून चार पावलांवर सगळं मिळतं. घराला पुढे ओटा, ओट्याच्या कडेने सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद मातीचा वाफा. त्या वाफ्यात सासऱ्यांनी पहिल्याच वर्षी सदाफुली लावली होती. साधी, गावठी, गुलाबी फुलांची. मी आले तेव्हा वाफा तिने भरून गेलेला होता.

माहेरी आमच्याकडे पाऊस इतका की झाडांना पाणी घालणं हे कामच नसायचं. इथे पहिलाच मे महिना आला आणि पारा बेचाळीसच्या वर गेला. दुपारी बाहेर पाहिलं तर सदाफुलीची पानं आतल्या बाजूला वळून मलूल झालेली. माझ्या पोटात कालवलं. बादली उचलली आणि वाफा भरून टाकला. संध्याकाळी पानं सरळ झाली, मला वाटलं माझ्याच पाण्याने झाली. मग रोजचाच नेम झाला, दुपारी एक बादली, संध्याकाळी एक. पंधरा दिवसांत निम्मी झाडं बुंध्यापाशी काळी पडून आडवी झाली.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. मेलेलं एक झाड उपटून त्यांनी माझ्या हातात दिलं. मुळं काळी, लिबलिबीत, नुसत्या बोटाने साल सुटून येणारी. म्हणाल्या, "दुपारी पानं मिटतात ती उन्हापासून अंग चोरतात. संध्याकाळी आपोआप उघडतात. सकाळीही मिटलेलीच दिसली, तर तहान लागली समज. आणि पाणी घालायच्या आधी मातीत बोट घालून बघत जा."

बागकामाचा एवढा नेमका धडा मला पुढे कुठल्या पुस्तकातही मिळाला नाही.

सदाफुलीचं मूळ घर मादागास्कर बेटावरचं. शास्त्रीय नाव कॅथरँथस रोझियस. जुन्या पुस्तकांत तिला व्हिंका रोझिया म्हटलेलं असतं, आणि नर्सरीवाले अजूनही 'व्हिंका' म्हणूनच विकतात. कण्हेर, तगर, चाफा ही सगळी तिचीच भावकी. माणसाने तिला हौसेने जगभर नेलं आणि ती जाईल तिथे रुळली. रेल्वेरुळांच्या कडेला, पडक्या भिंतीत, देवळाच्या पायरीच्या फटीत कुठेही उगवते. नावंही पाहा किती एकसारखी! आपण सदाफुली म्हणतो, हिंदीत सदाबहार, गुजरातीत बारमासी, कन्नडमध्ये नित्यपुष्प, तमिळमध्ये नित्यकल्याणी. प्रत्येक भाषेला तिचा एकच गुण आधी दिसला, बाराही महिने फुलणं. आमच्या शेजारच्या बेनना मी एकदा विचारलं की तुमची बारमासी इतकी छान कशी, तर त्या हसून म्हणाल्या, "ए तो एनी मेळे ऊगे!" म्हणजे ती काय, आपली आपणच उगवते.

उगवते आपली आपण, हे खरं. पण टिकते ती आपण तिला कसं वागवतो त्यावर. म्हणून आता कामाचं सांगते.

पहिली गोष्ट ऊन. सदाफुलीला दिवसाचं निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं. सावलीत ती उंच, लुकडी होते आणि फुलं थोडी देते. दुसरी गोष्ट माती. माती भारी असण्यापेक्षा पाण्याचा निचरा होणारी असावी. आमच्या बडोद्याची काळी माती पाणी धरून ठेवते. सासऱ्यांनी वाफा करताना तीत रेती आणि विटांचा चुरा मिसळला होता आणि वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच घेतला होता. बेळगाव-खानापूरकडच्या मैत्रिणींनी ही उंचीची गोष्ट मनावर घ्यावी. तिकडच्या पावसात सपाट वाफ्यातली सदाफुली श्रावण पाहत नाही. कुंडीत लावणार असाल तर आठ-दहा इंची मातीची कुंडी घ्या. बुडाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवा आणि दोन भाग माती, एक भाग रेती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत असं भरा. प्लॅस्टिकची कुंडी चालते, पण तीत माती उशिरा वाळते, म्हणून पाणी आणखी जपून घाला.

तिसरी गोष्ट बी. सदाफुलीच्या शेंगा जोडीने येतात, बारीक, बोटाच्या पेरापेक्षा थोड्या लांब. हिरव्या असताना तोडू नयेत. पिवळट-तपकिरी झाल्या की तोडून कागदाच्या पाकिटात ठेवाव्यात. एक दिवस जरी उशीर झाला तरी शेंग उकलते आणि मोहरीहून बारीक काळं बी मातीत सांडतं. बी फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर पेरावं, भर पावसात नको. एक गंमत लक्षात ठेवा. हे बी अंधारात रुजतं. पेरल्यावर वरून मातीचा पातळ थर द्यावा आणि ओलं गोणपाट किंवा वर्तमानपत्र झाकून ठेवावं. आठ-दहा दिवसांनी कोंब दिसले की झाकण लगेच काढायचं, नाहीतर रोपं पिवळी आणि लांबोडी होतात. सहा-आठ पानं आली की दीड वीत अंतरावर लावावीत. लावताना मुळं फार हलवू नयेत, तिला ते सोसत नाही.

बी नसेल तर फांदीही लागते. फूल नसलेला चार इंची शेंडा घ्यायचा, खालची पानं काढायची आणि ओल्या रेतीत खोचून सावलीत ठेवायचा. तीन-चार आठवड्यांत मुळं सुटतात.

चौथी गोष्ट पाणी, आणि सगळं घोडं इथेच अडतं. नवं रोप पहिले दोन-तीन आठवडे सुकू द्यायचं नाही. एकदा ते धरलं की हात आखडता घ्यायचा. जमिनीतल्या झाडाला आमच्याकडच्या उन्हाळ्यातही आठवड्यातून एक-दोनदा भरपूर पाणी पुरतं. रोज थोडं थोडं शिंपडलं तर मुळं वरच्यावरच राहतात आणि झाड मग खरोखरच पाण्याला लाचार होतं. कुंडीला उन्हाळ्यात एक दिवसाआड, थंडीत आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात नाहीच. पाणी बुंध्याशी घालावं, पानांवरून नको. पानं रात्रभर ओली राहिली की करपा येतो आणि फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत जातात. आणि पाण्याआधी सासूबाईंचा नियम, मातीत बोट. दोन पेरं बोट कोरडं आलं तरच तांब्या उचलायचा.

अथणीच्या भगिनींसाठी मुद्दाम सांगते. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी सदाफुलीला उत्तम. साबणाचं, भांड्यांच्या पावडरचं पाणी मात्र रोज घालू नका. तसंच बोअरचं जड पाणी सारखं घातलं तर पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. झाडाला मातीतलं लोह घेता येत नाही, त्याची ती खूण. पावसाचं पाणी एखाद्या पिंपात साठवता आलं तर तेच तिला द्यावं.

खत थोडंच. वर्षातून दोनदा ओंजळभर शेणखत बस्स. युरिया घालून पाहिला एका हौशी शेजाऱ्याने. पानांचं रान माजलं आणि फुलं हरवली. रोप लहान असताना शेंडा खुडला की फांद्या फुटतात. दोन-तीन वर्षांनी बुंधा लाकडासारखा होऊन झाड उघडंबोडकं दिसू लागतं. तेव्हा फेब्रुवारीत तिसरा हिस्सा छाटावं किंवा सरळ नवं रोप लावावं. पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसून काढावा. पण एखाद्या झाडाला फुलांऐवजी हिरव्या पानांचे बारीक झुपके येऊ लागले, तर मात्र माया करू नका. तो तुडतुड्यांनी पसरणारा रोग आहे, त्यावर घरगुती उपाय नाही. झाड मुळासकट उपटून टाका, म्हणजे बाकीची वाचतील.

एवढं झालं झाडाचं. आता माणसाचं.

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी साडेसात-आठची वेळ. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी चहा घेऊन गेले तर त्यांचा चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, हात थरथरत होते. बोलणं अडखळत होतं. त्यांना बारा वर्षांपासून साखरेचा विकार आहे, गोळ्या चालू आहेत. घरातल्या यंत्रावर साखर पाहिली तर अठ्ठावन्न! पटकन साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाजलं. त्या भानावर आल्या तेव्हा माझे पाय लटपटत होते.

नंतर पाहते तर वाफ्यातल्या दोन झाडांची कोवळी पानं खुडलेली. मी विचारलं, "आई, हे काय?" आधी त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, सकाळी फिरायला येतात त्यातल्या एकीने सांगितलं. रोज उपाशीपोटी सदाफुलीची पाच पानं चावून खायची, साखर पळून जाते. महिना झाला. तुला सांगितलं असतं तर तू खाऊ दिली नसतीस."

खरंच दिली नसती. डॉक्टरांकडे गेलो. ते रागावले नाहीत, पण गोळी घेऊन उपाशी राहणं, त्यावर आपल्या मनाने ही पानं, हे सगळं एकत्र नको, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. नेमकं कशामुळे झालं ते सांगता येत नाही, म्हणाले, पण या पानांत काय आहे आणि किती आहे ते तुम्हाला माहीत नसताना ती पोटात घालू नका. ज्या झाडापासून कर्करोगाचं औषध निघतं, ते झाड काही कोथिंबीर नव्हे!

त्या वाक्याने मी घरी येऊन पुस्तकं उघडली, आणि मोठी विलक्षण हकीकत हाती लागली. सदाफुलीच्या पानांचा काढा साखरेवर घेण्याची समजूत आपल्याकडेच नव्हे, पार जमैका बेटापर्यंत होती. तिथून १९५२ साली कॅनडातल्या क्लार्क नोबल या डॉक्टरांकडे एका पाकिटातून पंचवीस पानं आली. त्यांनी ती आपल्या संशोधक भावाकडे, रॉबर्ट नोबल यांच्याकडे, दिली. रॉबर्ट यांनी अर्क उंदरांना पाजून पाहिला. साखर काही उतरली नाही. मग टोचून पाहिला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. रक्त तपासलं तेव्हा कळलं की अर्काने त्यांच्या पांढऱ्या पेशीच घटल्या आहेत. दुसऱ्या कुणी निराश होऊन पानं फेकली असती. यांनी उलटा विचार केला. रक्ताच्या ज्या कर्करोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, तिथे हेच उपयोगी पडलं तर? रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी १९५८ साली त्या पानांतून व्हिनब्लास्टिन वेगळं केलं. पाठोपाठ अमेरिकेत एली लिली कंपनीच्या संशोधकांना व्हिनक्रिस्टिन सापडलं आणि १९६३ साली तिथे त्याला मान्यता मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात आजही ते दिलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ही दोन्ही नावं आहेत.

आणि हे औषध देतात किती? मिलिग्रॅममध्ये मोजून, मुलाच्या उंची-वजनाचा हिशेब करून, फक्त शिरेतून, डॉक्टरांच्या नजरेखाली. मापाबाहेर गेलं किंवा चुकीच्या जागी टोचलं गेलं तर जीव घेतं. म्हणून सांगते, सदाफुली दारात जरूर लावा, पण पानं, फुलं, मुळं कुणीही पोटात घेऊ नका. घरात रांगतं मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा. छाटणी केल्यावर हात धुवा. कुणाची साखर, कुणाचा रक्तदाब एखाद्या पानाने पळवून लावायचा मोह झाला, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. सांगणारी माणसं वाईट नसतात, मायेनेच सांगतात. पण मायेने घातलेल्या दोन बादल्यांनी काय होतं, ते मी पाहिलं आहे.

त्याच वर्षी गोकुळाष्टमीला, २६ ऑगस्टला, बडोद्यात पाऊस लागला तो थांबेचना. आमची विश्वामित्री पावागडाच्या डोंगरातून येते आणि गावाच्या मधून वळणं घेत जाते. सयाजीरावांच्या काळात बांधलेल्या आजव्याच्या सरोवराचं जादा पाणीही शेवटी तिच्याच पात्रात उतरतं. १८९२ पासून हे सरोवर गावाची तहान भागवत आलं आहे, पण पावसाळ्यात त्याचीच धास्ती वाटते. त्या वेळी नदीची पातळी पस्तीस फुटांच्या वर गेली. समा भागात रस्ते दिसेनासे झाले. आमच्या ओट्याच्या पायऱ्या गेल्या, मग ओटा गेला, मग घरात गुडघाभर पाणी. सासूबाईंच्या गोळ्या, कागदपत्रं, देव आणि पिण्याचं पाणी एवढं घेऊन आम्ही वरच्या खोलीत गेलो. वीज नाही, दूध नाही. नदीतल्या मगरी वस्तीत आल्याच्या बातम्या, त्यामुळे पोरांना खिडकीशीही उभं राहू देत नव्हतो. तीन दिवस काढले.

पाणी उतरलं तेव्हा घरात आणि वाफ्यात एकच रंग होता, चिखलाचा. अडतीस वर्षं जो वाफा कधी रिकामा राहिला नव्हता, त्यात एक झाड उभं नव्हतं. मेच्या बेचाळीस अंशांत हसणारी सदाफुली तीन दिवसांच्या पाण्यात कुजून गेली होती. गच्चीवरच्या दोन कुंड्या तेवढ्या वाचल्या. नर्सरीतून आणलेली संकरित, लालचुटूक फुलांची झाडं होती ती.

घर धुऊन काढण्यात महिना गेला. मग एक दिवस आमच्या ह्यांनी फरशीवाल्याला बोलावलं. त्यांचं म्हणणंही चूक नव्हतं. दर पावसाळ्यात हा चिखल कोण काढणार? आईचं वय झालं, मी कामाने थकते. ओट्यापासून फाटकापर्यंत फरशी बसवली की झाडलं की स्वच्छ, गाडीही आत राहील. मी काहीच बोलले नाही. खरं सांगायचं तर त्या चिखलाकडे पाहून मलाही तेच हवंसं वाटत होतं.

सासूबाईंनी फरशीवाल्याला चहा दिला. मग मुलाला म्हणाल्या, "संक्रांतीपर्यंत थांब. तोवर तिथे काही उगवलं नाही तर कर तुझ्या मनासारखं." हे म्हणाले, "आई, तिथे काय उगवणार? मुळं कुजली सगळी." त्या म्हणाल्या, "मुळं कुजली. बी कुठे कुजलंय?"

त्यानंतर त्यांनी वाफ्याचं काय केलं? काहीही केलं नाही. मी नवी रोपं आणू म्हटलं, नको म्हणाल्या. खत घालू म्हटलं, नको. वरचा चिकट गाळ तेवढा वाळू दिला, त्याला भेगा पडल्यावर खुरप्याने उचलून काढला आणि मूठभर रेती पसरली. रोज सकाळी ओट्यावर बसायच्या, बघायच्या आणि उठून जायच्या. मला कधी कधी वाईट वाटायचं. सासऱ्यांना जाऊन पाच वर्षं झाली होती, आणि त्यांच्या हातचं एवढंच काय ते घराबाहेर उरलेलं होतं.

दिवाळीची पणती ठेवायला मी ओट्याच्या कडेला वाकले, तर ओटा आणि वाफा यांच्यामधल्या फटीत दोन पानं दिसली. नखाएवढी, तुकतुकीत, मध्ये पांढरट शीर. मी तिथूनच हाक मारली, "आई!" त्या आल्या, चष्मा पुसला, वाकून पाहिलं. फक्त एवढंच म्हणाल्या, "एक उगवलं म्हणजे आणखी असणार." होती. पुढच्या आठवड्याभरात मोजली तर सतरा. फटीत, वाफ्यात, एक तर फाटकाच्या खांबाशी. संक्रांतीच्या सुमारास पहिलं फूल आलं, गुलाबी. तीच सासऱ्यांच्या वेळची गावठी जात. लाल संकरित सदाफुलीचं बी मीही हौसेने पेरलं होतं. चार उगवली, पण आईसारखी लाल एकही निघाली नाही. संकरित झाडाच्या बियांचं हे असंच असतं. म्हणून बी धरायचं तर गावठी झाडाचं धरावं.

फरशीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. तडजोड झाली. गाडीच्या चाकांपुरत्या दोन पट्ट्या फरशीच्या झाल्या, मधली आणि कडेची माती तशीच राहिली. वाफा वीतभर होता तो आता हातभर उंच केला, खाली विटांचे तुकडे घातले आणि पाणी जायला कडेला दोन नळ्या ठेवल्या. पूर पुन्हा आलाच तर वाफा वाचेल असं मी म्हणत नाही. तेवढं पाणी आलं तर कुणाचंच काही चालत नाही. पण साध्या पावसाळ्यात पाणी आता मातीत जिरतं, घराकडे येत नाही, हे ह्यांनीच एकदा जेवताना बोलून दाखवलं. आणि दर वर्षी बियांचं एक पाकीट आम्ही वरच्या खोलीतल्या कपाटात ठेवतो. त्यावर महिना आणि साल लिहिण्याचं काम नातवाकडे आहे.

सासूबाईंची साखर आता बरी आहे. गोळी वेळेवर, नाश्ता त्याच्या सोबत, पानं फक्त बघायला. फिरायला येणाऱ्या त्या मैत्रिणीलाही त्यांनी सगळी हकीकत सांगितली आणि तिचंही पान चावणं थांबवलं. तिला वाईट वाटू नये म्हणून बरोबर सदाफुलीचं एक रोप दिलं.

तर अथणीच्या ताई, तुमच्यासाठी त्याच पाकिटातलं चिमूटभर बी या पत्रासोबत टाकलं आहे. फेब्रुवारी उजाडला की पेरा, आठ-दहा दिवस झाकून ठेवा, आणि रोपं धरली की त्यांच्या मागे फार लागू नका. तुमच्याकडे पाणी कमी आहे ही या झाडापुरती अडचण नव्हेच. मला मात्र अजूनही सवय गेलेली नाही. भर उन्हात पानं मिटलेली दिसली की हात तांब्याकडे जातो. मग आतून आवाज येतोच, "आधी बोट घाल गं मातीत!"